इंजिन थरथरतंय, धाड वाजतंय: फाउंडेशनबद्दल तुमचे प्रश्न

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांत एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत होती. गाडी जुनी झाली, थरथरते, क्लच सोडला की कुठंतरी आपटतं, आणि कुणी म्हणतं फाउंडेशन गेलंय. म्हणून या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवून फक्त याच विषयावरची पत्रं घेतलीत. फाउंडेशन म्हणजे इंजिन माउंटिंग, इंजिन गाडीच्या बॉडीला धरून ठेवणारे रबर-लोखंडाचे तुकडे, कंपनीच्या बिलात माउंटिंग लिहून येतं आणि गॅरेजात सगळे फाउंडेशन म्हणतात, मीही तेच म्हणणार आहे.

प्रश्न: नमस्कार सर, माझ्याकडे 2009 ची स्विफ्ट डिझेल आहे, 1 लाख 68 हजार किलोमीटर झालेत, वडिलांनी घेतलेली गाडी आहे म्हणून विकायची नाहीये. सहा महिन्यांपासून पहिला गिअर टाकून क्लच सोडला की पुढून धाड असा आवाज येतो. सिग्नलला उभं असताना स्टेअरिंग आणि आतला आरसा थरथरतो, एसी लावला की जास्तच. गॅरेजवाल्यांनी आधी शॉकॲब्सॉर्बर बदलले, मग लोअर आर्म बदलले, बराच खर्च झाला पण आवाज आहे तिथंच. आता दुसरे एक मिस्त्री म्हणतायत की फाउंडेशन गेलंय, तीनही बदला. खरंच तीनही बदलायला लागतील का? आणि हे फाउंडेशन नेमकं करतं काय?
— एक वाचक, इस्लामपूर

उत्तर: तुमचं पत्र वाचून वाईट वाटलं, कारण शॉकॲब्सॉर्बर आणि लोअर आर्मचा खर्च वाचला असता. तुम्हीच पत्रात लिहिलंय की आवाज क्लच सोडताना येतो. शॉकॲब्सॉर्बर, लोअर आर्म, लिंक रॉड हे चाकं धरणारे आणि धक्के सोसणारे भाग, त्यांचा आवाज रस्त्यावर अवलंबून असतो, खड्डा आला, स्पीड ब्रेकर आला की वाजणार. फाउंडेशनचा आवाज तुमच्या पायावर अवलंबून असतो, ॲक्सिलरेटर दाबला, सोडला, क्लच सोडला, रिव्हर्स टाकला की वाजणार, रस्ता कसाही असो. कुठल्याही गॅरेजात गेलात तरी आवाज कुठून येतो त्याच्या आधी आवाज कधी येतो ते सांगा, अर्धं निदान तिथंच होतं.

आता फाउंडेशन करतं काय. ॲम्बॅसडर आणि पद्मिनीत इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेनं असायचं, मागं गिअरबॉक्स, मग ताकद मागं नेणारा लांब प्रोपेलर शाफ्ट आणि डिफरन्शियल, म्हणजे ती ताकद दोन्ही चाकांत वाटणारे गिअर, थेट मागच्या एक्सलमध्ये. चाकं फिरवताना उलटा बसणारा मोठा झटका तो मागचा एक्सल आणि त्याच्या स्प्रिंगच्या लोखंडी पाट्याच सोसायचे. 1983 च्या डिसेंबरात मारुती 800 आली आणि आपल्याकडं पुढच्या चाकांवर चालणारी, आडवं इंजिन असलेली गाडी घरोघरी झाली. ही मांडणी जगभर गाजली ती 1959 च्या ब्रिटिश मिनीमुळं, त्यात जागा फार वाचते. पण यात इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल सगळं एकाच गाठोड्यात असतं, त्यामुळं चाकांना जेवढी ताकद जाते तेवढ्याच ताकदीनं ते अख्खं गाठोडं उलट्या दिशेनं फिरायला बघतं, आणि त्याला धरून ठेवायला दुसरं कोणी नाही, फक्त फाउंडेशन.

हिशोब करून बघा म्हणजे पटेल. तुमच्या 1.3 लिटर डिझेल इंजिनचा टॉर्क, म्हणजे फिरवायची ताकद, 190 न्यूटन मीटर. पहिल्या गिअरमध्ये गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल मिळून तो साधारण तेरा-चौदा पट होतो, म्हणजे अडीच हजार न्यूटन मीटरच्या आसपास. सोप्या भाषेत सांगायचं तर एक मीटर लांब पहार घ्या, एक टोक इंजिनात अडकवा आणि दुसऱ्या टोकाला अडीचशे किलो वजन टांगा. पहिल्या गिअरमध्ये पूर्ण ताकद लावून आंबा घाट चढताना रबराच्या त्या दोन-तीन तुकड्यांवर एवढं ओझं येतं, आणि उतरताना ॲक्सिलरेटर सोडला की त्याहून कमी, पण उलट्या बाजूनं. पंधरा वर्षं हे सोसलेल्या रबराला दोष काय देणार.

तुमच्या पिढीच्या बहुतेक गाड्यांत इंजिन तीन ठिकाणी धरलेलं असतं. उजवीकडं गिअरबॉक्सच्या विरुद्ध, टायमिंगच्या बाजूला एक, डावीकडं गिअरबॉक्सवर एक, या दोघांवर गाठोड्याचं वजन टांगलेलं, झोपाळा दोन कड्यांवर टांगतात तसं. आणि खाली मागच्या बाजूला हाडाच्या आकाराचा टॉर्क रॉड, तो वजन घेत नाही, इंजिन पुढं-मागं झुलू नये म्हणून धरून ठेवतो. उजवीकडचं बऱ्याचदा हायड्रॉलिक असतं, म्हणजे रबराच्या आत दोन कप्पे आणि त्यात द्रव भरलेला, थरथर गिळायचं काम तो द्रव करतो. रबर फाटून द्रव गळाला की ते फाउंडेशन नुसतं दबून बसतं. बाहेरून बघितलं तर ब्रॅकेटवर काळसर ओघळ दिसतो, लोक त्याला इंजिन ऑइल समजून पुसून टाकतात.

आता निदान. गाडी सपाट जागेवर लावा, हँडब्रेक ओढा, बॉनेट उघडा. एक अनुभवी माणूस आत बसवा आणि तुम्ही बाजूला, म्हणजे फेंडरच्या बाजूला उभे रहा. गाडीच्या पुढं अजिबात उभं राहायचं नाही आणि मागंही कोणी नको. आतल्या माणसानं ब्रेक दाबून ठेवून पहिला गिअर टाकायचा आणि क्लच जेमतेम पकडेपर्यंत सोडायचा, मग परत दाबायचा, मग तसंच रिव्हर्समध्ये. पहिल्यात इंजिनाचं डोकं केबिनकडं जातं, रिव्हर्समध्ये रेडिएटरकडं. थोडं हलणं ठीक आहे, बोटभर वगैरे. पण इंजिन एकदम उडी मारल्यासारखं झालं आणि धाड वाजलं तर समजायचं. तुमच्या आवाजावरून मला टॉर्क रॉडचं बुश, म्हणजे त्याच्या टोकातलं रबर, गेलं असणार असं वाटतंय, आणि उभ्या गाडीतली थरथर ही उजवीकडच्या फाउंडेशनची. टॉर्क रॉड बघायला गाडी वर घेऊन बुशमध्ये टॉमी, म्हणजे लोखंडी सळई, घालून हलवा, रबर आतल्या नळीपासून सुटलेलं असेल तर डोळ्यांना दिसतं.

अजून एक गोष्ट बघा, ही मला एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी शिकवली आणि आजवर कधी चुकली नाही. फाउंडेशनच्या लोखंडी कपात आणि ब्रॅकेटमध्ये जिथं फट असायला पाहिजे तिथं टॉर्च मारा. सगळीकडं धूळ आणि गंज असेल, पण एखाद्या ठिकाणी नखाएवढा चकाकणारा डाग दिसला, नुकतं घासल्यासारखा, तर तिथं लोखंडाला लोखंड आपटतंय. रबर बसलंय.

तीनही बदलायचे का? तुमच्या गाडीला हो. एक फाउंडेशन गेलं की त्याचा भार बाकीच्या दोघांवर येतो, सहा महिने तुम्ही तसंच चालवताय, आणि एकच नवीन टाकलं तर नव्या रबराला जुन्या दोघांची कामं करायला लागतात आणि ते वर्षा-दीड वर्षात बसतं. गाडी 50-60 हजारच झालेली असती आणि एकच बुश फाटलेलं असतं तर मी एकच बदला म्हटलं असतं. पैशाची ओढ असेल तर आधी टॉर्क रॉड आणि उजवीकडचं करा, गिअरबॉक्सवरचं दोन-तीन महिन्यांत, पण त्याच्या पुढं ढकलू नका, कारण इंजिन असं झुलत राहिलं की सायलेन्सरची पुढची लवचिक नळी तडकते, वायरिंग ओढलं जातं, एक्सलच्या आतल्या जॉइंटवर ताण येतो आणि मग खर्च कुठल्या कुठं जातो.

आणि फाउंडेशन टाकायच्या आधी टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाचं, पॅकिंग गळतंय का ते बघा. रबराचा सगळ्यात मोठा शत्रू ऑइल. वरून थेंब थेंब ऑइल उजव्या फाउंडेशनवर पडत असेल तर रबर फुगून लोण्यासारखं मऊ होतं, नवीनही तसंच होणार. आधी गळती, मग फाउंडेशन.

प्रश्न: सर, माझी 2007 ची वॅगन आर पेट्रोल आहे. मी शाळेत शिक्षिका आहे, रोज चाळीस किलोमीटर चालवते. थोडी थरथर होती म्हणून ओळखीच्या गॅरेजात सगळी फाउंडेशन बदलून घेतली, आणि बदलल्यावर थरथर दुप्पट झाली. दाराचं प्लॅस्टिक वाजतं, पाठीला जाणवतं. गॅरेजवाले म्हणतात नवीन रबर आहे, सेट होईल. महिना झाला, काही सेट झालं नाही. भावाची अल्टो आहे, ती याच्यापेक्षा जास्त थरथरते तरी त्याला काही वाटत नाही, म्हणून माझाच भ्रम आहे की काय असं वाटायला लागलंय.
— एक वाचक, नाशिक

उत्तर: ताई, भ्रम अजिबात नाही. रोज तीच गाडी चालवणाऱ्या माणसाच्या पाठीला जे कळतं ते कुठल्याही मशिनला कळत नाही. भावाच्या अल्टोशी तुलना करू नका. त्या अल्टोचं इंजिन तीन सिलिंडरचं आणि तुमचं चारचं. उभ्या गाडीत आरपीएम 800 धरलं तर तीन सिलिंडरमध्ये सेकंदाला 20 वेळा स्फोट होतो आणि चार सिलिंडरमध्ये साधारण 27 वेळा. धक्के जितके विरळ तितके अंगाला जास्त जाणवतात, त्यामुळं तीन सिलिंडरची गाडी मुळातच थोडी थरथरणार. चार सिलिंडरची वॅगन आर उभी असताना दाराचं प्लॅस्टिक वाजायला नको.

नवीन रबर सेट होतं हे खरं आहे, पण ते काहीशे किलोमीटरचं काम. तुमचं रोजचं चाळीस किलोमीटर धरलं तर महिन्यात हजारच्या आसपास गाडी गेली. आता सेट व्हायचं काही राहिलेलं नाही.

माझ्या अनुभवात यात दोनच कारणं निघतात. पहिलं म्हणजे पार्ट. लोकल फाउंडेशनचं रबर बऱ्याचदा फार कडक असतं, दिसायला हुबेहूब, होल जुळतात, बोल्ट बसतो, पण थरथर गिळत नाही, सरळ बॉडीला देतं. हातात जुनं आणि नवीन धरून अंगठ्यानं दाबून बघा, फरक कळतो. काही गाड्यांत पेट्रोल आणि डिझेलचं फाउंडेशन एकाच साच्यातलं दिसतं पण रबर वेगळं असतं, तिथंही अदलाबदल होते. बिलावरचा पार्ट नंबर आणि तुमच्या चेसिस नंबरला लागणारा पार्ट नंबर एकच आहे का ते कंपनीच्या स्पेअर पार्ट काउंटरला विचारा, सांगतात.

दुसरं कारण जास्त सापडतं आणि त्यावर फार कमी लोक बोलतात. बोल्ट कोणत्या अवस्थेत आवळले. होतं काय, इंजिन जॅकवर उचललेलं असतं, नवीन फाउंडेशन बसवलं, होल पाव इंच जुळत नाही, मग टॉमी घालून ओढून होल जुळवतात, बोल्ट घालतात आणि तिथंच करकचून आवळतात. मग जॅक काढतात. आता इंजिन आपल्या जागी बसायला बघतंय आणि रबर पिळलेल्या अवस्थेत अडकलंय. नवीन टॉवेल पिळून दोरीवर टाकल्यासारखं. असं पिळलेलं रबर मऊ राहत नाही, ते आधीच ताणलेलं असल्यानं प्रत्येक थरथर बॉडीत जाते आणि रबर लवकर फाटतं ते वेगळंच.

याला खर्च जवळजवळ नाही. गॅरेजात समोर उभं राहून करून घ्या. इंजिनखाली जॅकला लाकडाचा ठोकळा लावून नुसता आधार द्यायचा, उचलायचं नाही. सगळ्या फाउंडेशनचे बोल्ट एखादा आटा सैल करायचे, काढायचे नाहीत. इंजिन हातानं पुढं-मागं हलवायचं, मग जॅक खाली घेऊन सगळं वजन फाउंडेशनवर येऊ द्यायचं. गाडी न्यूट्रलमध्ये चालू करून मिनिटभर उभीच ठेवायची, जागेवरून हलवायची नाही. बंद करायची. मग वजन घेणारी दोन फाउंडेशन आधी आवळायची आणि झुलणं थांबवणारी सगळ्यात शेवटी. आवळताना टॉर्क रेंच, म्हणजे किती जोरानं आवळलं ते दाखवणारा पाना, आणि कंपनीच्या मॅन्युअलमधला आकडा. एवढ्यानं निम्म्याहून जास्त थरथर गेलेली मी कितीतरी गाड्यांत बघितलीय.

तरीही राहिली तर फाउंडेशन सोडून बाहेर बघा. काम करताना एसीचा पाइप सरकून बॉडीला टेकलाय का, सायलेन्सरचं टांगायचं रबर निसटलंय का, रेडिएटरची खालची रबरं जागेवर आहेत का. एक नळी बॉडीला टेकली तरी अख्खी गाडी गुणगुणते. आणि मुळात जी थोडी थरथर होती ती इंजिनच्या मिसिंगची, म्हणजे एखादा सिलिंडर मधूनच पेट न घेण्याची, होती की काय हे कुणी तपासलं होतं का? मिसिंगची थरथर एकसारखी नसते, मधूनच ठेचकाळल्यासारखी येते. स्पार्क प्लग काढून बघा, थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, साफ करा. अर्धी पाण्याची बाटली गिअर लिव्हरजवळ ठेवा, फाउंडेशनची थरथर असेल तर पाण्यावर सारख्या बारीक लाटा दिसतात, मिसिंग असेल तर मधूनच पाणी हेलकावतं. हा काही शास्त्रीय उपाय नाही पण घरच्या घरी कळायला बरा आहे.

प्रश्न: काका, मी डिप्लोमा मेकॅनिकल केलंय, घरी 2008 ची अल्टो आहे, सर्व्हिसिंग, ब्रेक पॅड वगैरे स्वतः करतो. गिअर लिव्हर ॲक्सिलरेटर सोडताना पुढं-मागं हलतो आणि कधी कधी रिव्हर्स पडत नाही. फाउंडेशन आणून ठेवलीत. अंगणात करता येईल का? काय काळजी घ्यायची?
— एक वाचक, रत्नागिरीजवळून

उत्तर: करता येईल, आणि तू करावंस असं मला मनापासून वाटतं, कारण ज्यानं एकदा स्वतः फाउंडेशन बदललं त्याला गाडीचं अर्धं गणित कळतं. लिव्हर हलतोय हेच बघ, जुन्या छोट्या गाड्यांत गिअर लिव्हरपासून गिअरबॉक्सला लोखंडी रॉड जातो, त्यामुळं इंजिन झुललं की लिव्हर त्याच्याबरोबर झुलतो आणि गिअर नीट पडायची जागा चुकते. लोक अशा वेळी गिअरबॉक्स उघडायला निघतात. रॉडची बुशं पण हातोहात बघून घे, ती स्वस्त असतात.

पण जागा. अंगण म्हणजे जांभ्या दगडाची फरशी असेल किंवा काँक्रीट असेल तरच. मातीत जॅक लावायचा नाही, कोकणातल्या मातीत तर नाहीच, वरून कडक दिसते आणि वजन पडलं की एका बाजूनं खचते. गाडी पुढून उचललीस की दोन्ही बाजूला जॅक स्टँड, मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड, हँडब्रेक. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही. घरातल्या कुणाला तरी सांगून ठेव आणि एकट्यानं करू नकोस.

बॅटरीचं मायनस काढून ठेव. बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्सवरच्या फाउंडेशनपर्यंत पोचायला बॅटरी आणि तिचा ट्रे काढायलाच लागतो. बोल्ट खोलायच्या आधी ब्रॅकेट जिथं बॉडीवर बसलंय तिथं खडूनं रेघ मार, परत बसवताना तीच जागा मिळते. बोल्टांवर आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मार, समुद्राच्या हवेतल्या गाडीचे बोल्ट हट्टी असतात आणि घाईत डोकं गोल झालं की दिवस गेला.

इंजिनला आधार देताना चेंबरच्या, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीच्या, मधोमध जॅक लावायचा नाही. चेंबरचा पत्रा पातळ असतो, आत गेला तर ऑइल ओढणाऱ्या जाळीला टेकतो आणि इंजिनला ऑइल कमी पडतं. इंजिन गेल्यावर कळतं की कारण काय होतं. रुंद लाकडी फळी घे, ती चेंबरच्या कडेला, जिथं चेंबर आणि ब्लॉक बोल्टनं जोडलेत त्या पट्टीखाली येईल अशी. गिअरबॉक्सचं करताना आधार गिअरबॉक्सखाली. उचलायचं किती? अजिबात नाही. बोल्टवरचा ताण जाईल एवढाच टेकू. बोल्ट हातानं फिरायला लागला की टेकू बरोबर आहे, बोल्ट अडकतोय म्हणजे तुझा जॅक जास्त तरी आहे किंवा कमी तरी.

एका वेळी एकच फाउंडेशन. तिन्ही एकदम खोललीस तर इंजिन सरकतं, एक्सल आतल्या जॉइंटमधून बाहेर यायला बघतो, रेडिएटरची होज ओढली जाते. एक काढ, नवीन बसव, बोल्ट हातानं तीन-चार आटे घाल, सैल ठेव, मग दुसरं. होल जुळत नसेल तर जॅक पाव इंच वर-खाली करून जुळव, हातोडी नको. बोल्ट तिरका घुसला तर अल्युमिनियमच्या केसिंगमधले आटे जातात, त्यासारखं दुःख नाही. मी उमेदवारीत असताना एकदा गिअरबॉक्सच्या केसिंगमधले आटे असेच घालवले होते, घरी जायची घाई होती म्हणून, आणि मालकानं रागावण्याऐवजी नवीन आटे पाडून घेऊन शांतपणे परत तेच काम माझ्याकडून करून घेतलं. तेव्हापासून पहिले चार आटे बोटांनी, हा नियम मी मोडलेला नाही.

तिन्ही बसली की वजन सोडायचं आणि मग नाशिकच्या ताईंना सांगितलंय तसं सैल बोल्टवर मिनिटभर चालू करून बंद करून शेवटी आवळायचं. टॉर्क रेंच नसेल तर भाड्यानं किंवा मित्राकडून आण पण अंदाजानं आवळू नकोस, आकडा मॅन्युअलमधला. काही गाड्यांत कंपनी बोल्टही नवीन टाकायला सांगते, सांगितलं असेल तर टाक. पाचशे किलोमीटर झाल्यावर एकदा परत रेंच लावून बघ.

पहिल्यांदा करताना अख्खा दिवस धर. सरावाच्या माणसाला गिअरबॉक्सकडचं तासाभरात होतं, तुला तीन तास लागले तरी वाईट वाटून घेऊ नकोस.

प्रश्न: जुनी होंडा सिटी आहे. ओरिजिनल फाउंडेशन महाग पडतंय. एक जण म्हणाला फाटलेल्या जागेत पॉलियुरेथेन भरून घे, रेसिंगवाले करतात. दुसऱ्यानं जुन्यावरच नवीन रबर मोल्ड करून देतो म्हटलंय. काय करू?
— एक वाचक, पुणे

उत्तर: पॉलियुरेथेन, म्हणजे रबरापेक्षा कडक प्लॅस्टिकसारखा पदार्थ, नको. रॅली आणि ट्रॅकच्या गाड्यांना इंजिन जराही हलू द्यायचं नसतं, थरथरीची त्यांना पर्वा नसते. तुम्हाला रोज सिग्नलला उभं राहायचंय. मधल्या फटीत ते भरलं की फाउंडेशन दगडासारखं होतं आणि डॅशबोर्डचा प्रत्येक क्लिप वाजायला लागतो. शिवाय त्या फटी म्हणजे दोष नसतो, रबराला हलायला मुद्दाम ठेवलेली जागा असते, त्या बुजवायच्या नसतात.

मोल्डिंगचं उत्तर थोडं वेगळं. पद्मिनीसारख्या गाडीचं साधं फाउंडेशन, ज्याचा पार्ट मिळतच नाही, ते चांगल्या माणसाकडून मोल्ड करून घेण्यात काही गैर नाही, मी स्वतः करून घेतलेत. पण हायड्रॉलिक फाउंडेशनमध्ये नुसतं रबर भरलं तर तो द्रव आणि कप्पे कुठून आणणार? तुम्ही नाना पेठेत जा, जुनं फाउंडेशन हातात घेऊन जा, आणि ज्या कंपन्या गाडी बनवणाऱ्यांनाच रबरी पार्ट पुरवतात त्यांच्या नावानं मिळणारं मागा. डब्यावर गाडीच्या कंपनीचं नाव नसतं म्हणून किंमत कमी असते. स्क्रॅपच्या गाडीचं काढलेलं मात्र घेऊ नका, रबराचं वय फक्त किलोमीटरवर नाही, वर्षांवर पण जातं, न वापरता पडलेलं पंधरा वर्षांचं रबरही तडकलेलं असतं.

प्रश्न: मी न्यू जर्सीत असतो, 2006 ची ऑटोमॅटिक कोरोला आहे. डी मध्ये ब्रेक दाबून उभं राहिलं की स्टेअरिंग थरथरतं, एन मध्ये टाकलं की जवळजवळ बंद होतं. हायवेला 60 मैलांच्या पुढंही थोडं थरथरतं. इथं मजुरी खूप आहे म्हणून आधी तुम्हाला विचारतोय, दोन्ही थरथरी फाउंडेशनच्याच का?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर: पहिली जवळपास नक्की फाउंडेशनची, दुसरी बहुतेक नाही. ऑटोमॅटिकमध्ये डी ला टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे क्लचच्या जागी इंजिनची ताकद गिअरबॉक्सला देणारा भाग, सतत थोडी ओढ देत असतो, तुम्ही ब्रेकनं गाडी धरलेली असते, त्यामुळं इंजिन एका बाजूला कलून फाउंडेशनवर रेललेलं असतं. रबर बसलेलं असेल तर ते तिथं लोखंडाला टेकतं आणि थरथर सरळ आत येते. एन ला ओढ गेली, इंजिन सरळ झालं, थरथर कमी. फक्त एक करा, मेकॅनिकला डी मधलं आरपीएम बघायला सांगा. थ्रॉटल घाण होऊन आरपीएमच फार खाली जात असेल तर चांगलं फाउंडेशनसुद्धा थरथर दाबू शकत नाही, आणि थ्रॉटल साफ करायला फाउंडेशनच्या मानानं काहीच खर्च नाही.

60 मैलांची थरथर वेगावर येते, म्हणजे आधी चाकांचं बॅलन्सिंग आणि टायर. त्या वेगाला ॲक्सिलरेटर सोडून बघा. सोडल्यावरही तशीच राहिली तर चाकं. दाबल्यावर वाढत असेल आणि सोडल्यावर जात असेल तर एक्सलचा आतला जॉइंट बघायला सांगा.

तुमच्याकडं हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, खालचे बोल्ट गंजून ब्रॅकेटला चिकटलेले असणार. मेकॅनिकला आधीच विचारा की बोल्ट तुटला तर मजुरी कशी लावणार, आणि खालच्या फाउंडेशनचे नवीन बोल्ट पार्टबरोबरच मागवून ठेवा.